अठ्ठेचाळीस बसवले, चोवीस दिसले

बुलडाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात जानेफळ नावाचे गाव आहे. तेथील एका शाळेच्या संगणक कक्षात काही वर्षांपूर्वी आम्ही एक दिवस घालवला. त्या दिवसाची ही हकिकत, आणि तिच्या निमित्ताने थोडा इतिहास.

शाळेत वीसेक जुने संगणक होते. सगळे नवे घेणे परवडणारे नव्हते. शिक्षकांनी विचार केला तो शहाणपणाचा होता : एकच दणकट सर्व्हर आणायचा, सगळे काम त्याच्यावर चालवायचे आणि जुने संगणक केवळ पडदा आणि कळफलक म्हणून वापरायचे. कोठल्याशा कार्यालयाने काढून टाकलेला एक सर्व्हर मिळाला. विक्रेत्याच्या कागदावर लिहिले होते, ‘स्मृती १४४ गिगाबाइटपर्यंत वाढवता येते’. शिक्षकांनी वर्गणी काढून ४ गिगाबाइटच्या १२ पट्ट्या घेतल्या. बारा चोक अठ्ठेचाळीस. अकरावीतल्या एका मुलाने त्या बसवल्या. यंत्र सुरू झाले आणि पडद्यावर आकडा आला चोवीस.

पुढे जे व्हायचे तेच झाले. कोणी म्हणाले, पट्ट्या बनावट आहेत. कोणी म्हणाले, पोराने जोरात दाबून बिघडवल्या. मुलगा बिचारा ‘सर, मी तर नुसत्या बसवल्या’ एवढेच म्हणत राहिला आणि दुसऱ्या दिवसापासून संगणक कक्षाकडे फिरकेना. शाळेच्या मामांनी पट्ट्यांची सोनेरी टोके खोडरबराने घासून पाहिली. (हा उपाय हसण्यासारखा नाही, टोकांवरचा मळ हे खरेच एक कारण असते.) आकडा हलला नाही. बरोबर निम्मीच स्मृती गेली होती, ना थोडी कमी ना थोडी जास्त. हे ‘बरोबर निम्मे’ आम्हाला महत्त्वाचे वाटले. बिघाड असा मोजून मापून होत नाही, मर्यादा मात्र मोजून मापून असते.

अशा मर्यादा कोठून येतात? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला संगणक १९६० साली कामाला लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याची मुख्य स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. प्रत्येक कड्यात एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक. अशा ४० बिटांचा एक शब्द, आणि असे २,०४८ शब्द. गुणाकार केला तर ८१,९२० बिट, म्हणजे आजच्या हिशोबाने १० किलोबाइट. आपण वाचत आहात तो हा लेख, अक्षरचिन्हामागे एक बाइट धरला तरी, टिफ्रॅकच्या स्मृतीत मावला नसता.

आकडा २,०४८ च का, २,००० का नाही? कारण संगणक प्रत्येक शब्दाला क्रमांक देतो, आणि हा क्रमांक, म्हणजेच पत्ता, तो शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहितो. अकरा घरे असली तर २ चा ११ वा घात, म्हणजे २,०४८ पत्ते लिहिता येतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर आसन क्रमांकासाठी चार चौकोन छापले असतील तर ९,९९९ च्या पुढचा विद्यार्थी बसवायचा कोठे? केंद्रावर बाके भरपूर असतील, त्याने काही साधत नाही. बाके किती हा एक प्रश्न आणि चौकोन किती हा दुसरा. स्मृतीच्या मर्यादांचा बहुतेक इतिहास म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे.

आपल्यापैकी काही ज्येष्ठ शिक्षकांना १९८४ साली सुरू झालेला ‘क्लास’ प्रकल्प आठवत असेल. देशातल्या निवडक शाळांना त्यात ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक मिळाले. त्यातल्या ६५०२ या मायक्रोप्रोसेसरला पत्ता लिहायला १६ तारा, म्हणून ६५,५३६ पत्ते. त्यांपैकी निम्मे पत्ते कायमस्वरूपी कार्यक्रमांच्या चिपांसाठी आणि जोडलेल्या उपकरणांसाठी ठेवलेले. उरले ३२,७६८, म्हणजे माहितीपत्रकात सांगितलेले ३२ किलोबाइट. पण पडद्यावरचे चित्रही याच स्मृतीत राही. सर्वांत बारीक चित्र घ्यायचे तर आडवे ६४० आणि उभे २५६ ठिपके, प्रत्येकी एक बिट. हा गुणाकार वर्गात करून घेण्यासारखा आहे : उत्तर २०,४८० बाइट येते. यंत्राला स्वतःच्या कारभारासाठी आणखी ३,५८४ बाइट लागत. विद्यार्थ्याच्या कार्यक्रमाला उरत ८,७०४. पत्रकात बत्तीस आणि हाती साडेआठ, आणि तरीही पत्रकाने खोटे काही सांगितलेले नसे.

आता ज्याचे वंशज आज घरोघर आहेत त्या आयबीएम पीसीकडे येऊ. तो ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. त्यातल्या ८०८८ या प्रोसेसरला पत्त्याच्या २० तारा होत्या. २ चा २० वा घात १०,४८,५७६, म्हणजे एक मेगाबाइट. त्यातले वरचे ३८४ किलोबाइट पत्ते पडद्यासाठी आणि कायमच्या चिपांसाठी राखले होते, खाली ६४० उरले. ही ६४० ची कथा पुष्कळांना ठाऊक असते. पण सुरुवातीच्या पीसीवर ६४० सुद्धा मिळत नसत, मिळत ५४४. हा विचित्र आकडा आला कोठून?

त्या यंत्राला आपल्यात स्मृती किती बसवली आहे हे आपोआप कळत नसे. मदरबोर्डवर बारीक खटके होते. मालकाने ते वरखाली करून यंत्राला सांगायचे. मदरबोर्डवरची स्मृती जास्तीत जास्त ६४ किलोबाइट. बाहेरून कार्डावर लावलेली स्मृती ३२ किलोबाइटच्या पटीत मोजायची आणि तो आकडा खटक्यांवर लिहायचा. यंत्र सुरू होताना पहिल्यांदा चालतो त्या कार्यक्रमाला बायोस म्हणतात. पहिल्या बायोसने यांतले चारच खटके वाचले. चार खटक्यांवर मोठ्यात मोठी संख्या बसते पंधरा. पंधरा गुणिले ३२ म्हणजे ४८०, त्यात ६४ मिळवा : ५४४. बस्स, एवढेच कारण. ऑक्टोबर १९८२ च्या बायोसने पाचवा खटका वाचायला सुरुवात केली आणि मर्यादा ६४० वर गेली. प्रोसेसर तोच, मदरबोर्डही तसाच. एक चिप काढून दुसरी लावली की काम झाले.

आम्हाला हे उदाहरण फार आवडते, कारण त्यात चूक कोणाचीच नाही. १९८१ साली पाचशे किलोबाइट ही स्वप्नवत गोष्ट होती. पाचवा खटका वाचण्याची तसदी कोण घेणार?

यानंतर तारा वाढत गेल्या. १९८२ च्या ८०२८६ ला २४, म्हणजे १६ मेगाबाइट. १९८५ च्या ८०३८६ ला ३२, म्हणजे ४ गिगाबाइट. पण १९८८ साली याच ३८६ चा स्वस्त भाऊ ‘३८६ एसएक्स’ आला. आतून तो थोरल्यासारखाच ३२ बिटांचा होता, बाहेर मात्र पत्त्याच्या चोवीसच तारा आणलेल्या, म्हणून मर्यादा पुन्हा १६ मेगाबाइट. ‘३८६’ एवढेच वाचून घेणाऱ्याला हे पेटी उघडूनही दिसले नसते.

चिपांच्या आतले चौकोन

येथवर आपण प्रोसेसरच्या बाजूने पाहिले. स्मृतीच्या चिपेलाही स्वतःचे चौकोन असतात.

आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी एकच ट्रान्झिस्टर आणि एक छोटा विद्युतधारक वापरून एक बिट साठवण्याची युक्ती शोधली, तिचे पेटंट १९६८ चे आहे. अशी घरे चिपेवर आडव्या ओळी आणि उभे स्तंभ अशी मांडतात. फेराइटची कडीही अशीच मांडलेली असत. १९७३ साली मॉस्टेक या अमेरिकन कंपनीने ४,०९६ बिटांची चिप काढली. ४,०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, तेव्हा पत्त्याला १२ पाय हवेत. इतर कंपन्यांच्या चिपांना एकूण बावीस पाय असत. मॉस्टेकच्या रॉबर्ट प्रोबस्टिंग यांनी पत्त्याला सहाच पाय ठेवले. त्यांवरून आधी ओळीचा क्रमांक पाठवायचा आणि लगेच त्याच पायांवरून स्तंभाचा. सोळा पायांत काम भागले. पुढची सगळी स्मृती याच रीतीने बनत आली. पत्त्याचा एक पाय वाढवला की ओळीही दुप्पट आणि स्तंभही दुप्पट, म्हणून धारणा चौपट. ४ किलोबिटनंतर १६, मग ६४, मग २५६, ही चौपटीची चढण यातूनच आली.

आता समजा चिपेने ओळीच्या क्रमांकासाठी एक घर वाढवले आणि तिच्याशी बोलणाऱ्या मदरबोर्डला ते माहीतच नाही. १९९८ च्या सुमारास ‘४४० बीएक्स’ नावाचा चिपसेट फार लोकप्रिय झाला. तो ओळीचा क्रमांक बारा बिटांत लिही. २५६ मेगाबाइटच्या पट्ट्या बाजारात दोन प्रकारच्या मिळत : १२८ मेगाबिटच्या सोळा चिपांच्या आणि २५६ मेगाबिटच्या आठ चिपांच्या. दुसरी स्वस्त. पण तिच्या चिपांना तेरा बिटांची ओळ लागे. बीएक्सने तिला बाराच बिट दिले, तेरावा कायम रिकामा. म्हणजे निम्म्या ओळींना कधी हाकच गेली नाही, आणि २५६ ची पट्टी १२८ दिसू लागली. दोन्ही पट्ट्यांवर लेबल एकच, धारणाही खरीच. फरक फक्त चिपा मोजल्यावर कळे. कितीतरी दुकानदारांनी आणि गिऱ्हाइकांनी यावरून एकमेकांना लबाड ठरवले असेल!

याहून चमत्कारिक प्रकार १९९७ च्या ‘४३० टीएक्स’ चिपसेटचा. त्यावर २५६ मेगाबाइट स्मृती लावता येई आणि ती पडद्यावर पूर्ण दिसेही. पण मुख्य स्मृती मंद असते म्हणून मध्ये एक छोटी वेगवान स्मृती, म्हणजे कॅश, ठेवलेली असते, तिचा लाभ पहिल्या ६४ मेगाबाइटनाच मिळे. त्यातच त्या काळची विंडोज ९५ ही प्रणाली वरच्या टोकाकडून स्मृती वापरायला सुरुवात करी. परिणामी ६४ च्या जागी ९६ मेगाबाइट बसवणाऱ्याचा संगणक मंदावे. आकडा बरोबर आणि काम उलटे. जाहिरातीत ‘२५६ पर्यंत’ असेच असे. ‘पर्यंत’ या शब्दाकडे आपण व्याकरणाच्या तासाला जेवढे लक्ष देतो तेवढे खरेदीच्या वेळी देत नाही.

२००५ च्या सुमारास ४ गिगाबाइट बसवून सव्वातीन दिसण्याची तक्रार घरोघर ऐकू येऊ लागली. ते बीबीसी मायक्रोचेच दुखणे होते. पत्ते एकूण ४ गिगाबाइट, त्यांतले काही पडद्याच्या कार्डाला आणि इतर उपकरणांना दिलेले. त्या पत्त्यांमागची खरी स्मृती मग झाकली जाई. काही चिपसेटांना ती झाकलेली स्मृती ४ गिगाबाइटच्या वरच्या पत्त्यांवर हलवता येई, ‘९४५’ सारख्यांना येत नसे, कारण त्यांच्याकडे वरचे पत्तेच नव्हते. अशा यंत्रावर ६४ बिटांची प्रणाली घालूनही काही उपयोग झाला नाही.

पुन्हा जानेफळला

शाळेचा सर्व्हर २००९ साली आलेल्या पिढीचा होता. इंटेलच्या झिऑन ५५०० या मालिकेपासून तिच्या दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरांत एक मोठा बदल झाला. स्मृतीशी बोलणारा भाग, जो आधी मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपेत असे, तो प्रोसेसरच्याच आत गेला. (एएमडीने ऑप्टेरॉनमध्ये हे २००३ सालीच केले होते.) त्यामुळे स्मृतीचे स्लॉट मदरबोर्डचे राहिले नाहीत, ते प्रोसेसरांमध्ये वाटले गेले. प्रत्येक प्रोसेसरला तीन वाहिन्या आणि मोठ्या मदरबोर्डवर प्रत्येक वाहिनीवर तीन स्लॉट, म्हणजे नऊ. दोन प्रोसेसरांचे मिळून अठरा.

विक्रेत्याच्या कागदावरचे १४४ म्हणजे अठरा गुणिले ८. तो प्रोसेसर दोन असतील तेव्हाचा आकडा होता. आणि येथे साधा गुणाकारही नेहमी चालत नाही. पट्टीवरच्या चिपांचा एकदम बोलणारा जो गट असतो त्याला रँक म्हणतात. या पिढीत एका वाहिनीला जास्तीत जास्त आठ रँक सांभाळता येत. चार रँकच्या १६ गिगाबाइटच्या पट्ट्या आणल्या तर वाहिनीवर दोनच बसतात, तिसरीला जागा असून प्रवेश नाही. अठरा गुणिले १६ म्हणजे २८८ असे कोणी मनात धरले तर हाती बारा गुणिले १६, म्हणजे १९२ येतात. शिवाय वाहिनीवर पट्ट्या वाढल्या की विजेच्या संदेशावरचा भार वाढतो आणि वेग उतरवावा लागतो : १३३३ वरून १०६६, आणि तीन पट्ट्या असतील तर ८००.

आम्ही त्या मुलाला बोलावून घेतले. झाकणाच्या आतल्या बाजूस स्लॉटांचा नकाशा चिकटवलेला असतो. त्यावर नऊ स्लॉट ‘ए’ गटाचे आणि नऊ ‘बी’ गटाचे दाखवले होते. मुलाने दोन्ही बाजूंना सहा-सहा पट्ट्या अगदी नेमक्या, नकाशात सांगितलेल्या क्रमाने बसवल्या होत्या. बायोसमध्ये स्मृतीची यादी उघडली तर ‘ए’ गटाच्या सहाही पट्ट्या हजर आणि ‘बी’ गटातल्या सहाही गैरहजर. मुलगा म्हणाला, ‘‘सर, हे मी त्याच दिवशी पाहिलं होतं. पण कोणी विचारलंच नाही.’’

‘बी’ गटाचा प्रोसेसर जेथे असायला हवा तेथे काळे प्लास्टिकचे झाकण होते. उचलून पाहिले, खाली रिकामी जागा! सर्व्हर एकाच प्रोसेसरसह विकला गेला होता. कागदावर तसे लिहिलेलेही होते, पण चार ओळी खाली आणि स्मृतीशी त्याचा संबंध जोडायचे काम वाचणाऱ्यावर सोडलेले. पट्ट्या अस्सल होत्या. मुलाचे काम चोख होते. मुख्याध्यापकांनी त्याला तेथेच, सगळ्यांसमोर तसे सांगितले. हे त्या दिवसातले सर्वांत महत्त्वाचे काम झाले असे आम्हाला वाटते.

‘बी’ बाजूच्या तीन पट्ट्या ‘ए’ बाजूला आणल्या. नऊ चोक छत्तीस, आणि बायोसने ३६ दाखवले. वेग थोडा उतरला, तो उतरणारच होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ऑपरेटिंग सिस्टीम सुरू झाली आणि तिने सांगितले : बसवलेली स्मृती ३६, वापरता येण्याजोगी ३२!

या वेळी कोणी कोणावर आरोप केला नाही. यंत्राचा खालचा थर ३६ मोजतो आहे आणि वरचा ३२, तेव्हा अडवणूक वरच्या थरातच असणार, हे मुलांनीच सांगितले. ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्वस्त आवृत्तीत स्मृतीवर मुद्दाम मर्यादा घातलेली असते. विंडोज ७ चे उदाहरण घ्या. ६४ बिटांच्या होम बेसिक आवृत्तीला ८ गिगाबाइट, होम प्रीमियमला १६ आणि प्रोफेशनलला १९२. प्रोसेसर तोच, पट्ट्याही त्याच. येथे चौकोन कमी पडलेले नाहीत. भरलेल्या पैशांच्या प्रमाणात ते उघडलेले आहेत. टिफ्रॅकची मर्यादा तारांची होती, पीसीची खटक्यांची, ही दरपत्रकाची. शाळेच्या सर्व्हरवर अशीच ‘स्टँडर्ड’ आवृत्ती होती आणि तिची हद्द ३२ होती. पुढे शिक्षकांनी त्यावर लिनक्स घातली आणि उरलेले चारही हाती आले.

ज्या शाळांवर असा प्रसंग येईल त्यांनी पट्ट्या परत पाठवण्याआधी बायोस काय मोजतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम काय मोजते हे शेजारी शेजारी लिहून पाहावे. दोन्ही आकडे सारखेच कमी असतील तर दोष किंवा मर्यादा खाली आहे. कोणते स्लॉट गैरहजर आहेत ते पाहावे. एखाद्या प्रोसेसरचे सगळेच गैरहजर असतील तर तो प्रोसेसर जागेवर आहे का, एखाद्या वाहिनीचेच असतील तर प्रोसेसरखालची एखादी बारीक पिन वाकली आहे का. सगळ्या पट्ट्या हजर आणि तरी बरोबर निम्मी स्मृती असेल तर बायोसमध्ये ‘मिररिंग’ चालू आहे का तेही पाहावे, त्यात प्रत्येक गोष्ट दोनदा साठवली जाते आणि निम्मी स्मृती सुरक्षेसाठी बाजूला पडते. एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून पाहणे कंटाळवाणे आहे, पण बनावट किंवा मेलेली पट्टी त्यातूनच सापडते. आणि खोडरबर जवळ असू द्यावे.

जानेफळच्या त्या कक्षातल्या कपाटात तीन पट्ट्या उरल्या. दुसरा प्रोसेसर मिळवायचा तर तो पहिल्याशी जुळणारा हवा, त्याचा शोध शिक्षकांनी सुरू केला. तोवर मुलांनी त्यांतली एक पट्टी भिंगाखाली धरली आणि सोनेरी टोके मोजली. एका बाजूला १२०, दुसऱ्या बाजूलाही १२०. यांतली पत्त्याची किती असतील, असे आम्ही विचारले. अंदाज शंभरच्या आसपास येत होते. खरे उत्तर ओळ आणि स्तंभ यांच्यासाठी सोळा, त्याच सोळांवरून दोनदा. हे ऐकल्यावर तो अकरावीतला मुलगा खडू घेऊन फळ्याकडे गेला आणि ‘२ चा १६ वा घात’ असे लिहून गुणाकार करू लागला.